दोन चमचे पाणी

मोठ्या घरात दुखणे आले म्हणजे ते एकट्या रोग्याचे राहत नाही. औषधपाणी, जागरण, पथ्य आणि चिंता यांची घरात वाटणी होते, तशीच दोषाचीही होते. इतर गोष्टींची वाटणी बहुधा न्यायाने होते. दोष मात्र जो हाताशी सापडेल त्याच्या पदरी सगळाच्या सगळा टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. आमच्या घरी असाच प्रकार घडला, आणि तो घडविणाऱ्यांत आम्हीही होतो. अन्ननलिकेचा कर्करोग, त्यावरील शस्त्रक्रिया, तीनंतरचा जंतुसंसर्ग आणि रोग उलटण्याचे भय हा विषय घरगुती मासिकात मांडण्याइतका रम्य नाही, हे आम्ही जाणतो. तथापि हे दुखणे कोणाच्याही उंबरठ्याशी येऊ शकते, आणि आले असता औषधाइतकीच समजुतीची गरज पडते, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरी आणि गावी सर्वच 'दादा' म्हणतात, साताऱ्यास शाळेत छत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. प्रकृती काटक, व्यसन म्हणावे असे काही नाही. मात्र दोन सवयी होत्या. जेवणानंतरच्या विड्यात चिमूटभर तंबाखू, आणि शेगडीवरून उतरलेला चहा वाफ निघत असताच घशाखाली उतरविणे. चहा बशीत ओतून निववणे हा ते चहाचा अपमान समजत. तंबाखूविषयी तर आता वादच उरलेला नाही; पण पासष्ट अंशांहून अधिक उष्ण पेयेही अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली काढला, हे आम्हांस फार उशिरा कळले.

२०२२ सालच्या गणेशचतुर्थीस दादांनी दीड मोदक खाऊन ताट बाजूस सारले. एकवीस मोदकांचा संकल्प दरवर्षी सिद्धीस नेणारा हा मनुष्य! तेव्हा वहिनींनी सांगितले की, आषाढापासून ते पोळी आमटीत कुस्करून खातात आणि विचारले तर दात दुखतो म्हणतात. घन पदार्थ अडकणे, मग मऊ अन्नही अडकणे आणि वजन उतरणे हा या रोगाचा ठरलेला क्रम आहे. परंतु रोगी आपल्या नकळत घास लहान करीत जातो आणि घरच्यांस काही दिसत नाही. दिवाळीपूर्वी पुण्यास दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला, आणि जे नको होते तेच निघाले.

उपचाराचा क्रम असा ठरला: आधी पाच आठवडे किरण आणि औषधे, मग विश्रांती, मग शस्त्रक्रिया. नेदरलँड्समधील रुग्णालयांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या चाचणीत, असे आधी उपचार झालेल्या रोग्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे ४९ महिने आणि केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे २४ महिने भरले होते. तेव्हापासून ही रीत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. दादांनी ते पाच आठवडे गणिताच्या तासासारखे, एकही न चुकविता, पार पाडले.

ही शस्त्रक्रिया मोठ्या शस्त्रक्रियांतही मोठी समजली जाते. छातीत हृदय आणि श्वासनलिका यांच्या मागून जाणारी अन्ननलिका काढावयाची. तिच्या जागी काय घालावयाचे, हा प्रश्न शल्यवैद्यांस फार दिवस पडला होता. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्ध बाईची छातीतील अन्ननलिका काढली आणि मानेचे छिद्र जठराच्या छिद्राशी बाहेरून रबरी नळीने जोडले. त्या नळीवाटे जेवत ती बाई बारा वर्षांहून अधिक जगली. पुढे १९३३ साली जपानात क्योटो येथे ओसावा यांनी जठर वर छातीत आणून आतल्या आत जोडून दाखविले, आणि १९४६ मध्ये लंडनच्या आयव्हर लुइस यांनी उजव्या बाजूने छाती उघडण्याची जी पद्धत सांगितली ती थोड्याफार फरकाने आजही चालते. आता जठरच अरुंद नळीसारखे शिवतात, ते वर ओढून घेतात आणि मानेत अथवा छातीत अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाशी सांधतात. दादांचा सांधा मानेत करावयाचे ठरले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शल्यवैद्यांनी आम्हां सर्वांस बसवून एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "गाठ काढणे हे माझे काम आहे, ते मी करीन. पण खरी परीक्षा पुढच्या दहा दिवसांची आहे. तिचे दोन पेपर आहेत, फुप्फुस आणि सांधा." आम्ही माना डोलावल्या, अर्थ पुढे समजला.

फुप्फुसाचे असे होते की, छातीत काम चालू असता एका बाजूचे फुप्फुस मिटवून ठेवावे लागते. नंतर दुखण्यामुळे रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ आतच साठतो आणि त्यात जंतू वाढतात. आवाजाच्या नसा त्याच वाटेवर असतात. त्या दुखावल्या तर थुंकीही श्वासनलिकेत उतरते. नेदरलँड्स, स्पेन आणि इटली येथील रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, छाती उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा २९ जणांस पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला. दुर्बिणीने, लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ९ भरले. दुसरा पेपर सांध्याचा. तो जुळून येण्यापूर्वी कोठे उसवला, तर तोंडातील लाळ जंतूंसह बाहेरच्या मांसात झिरपते. मानेत असे झाले तर जखम मोकळी करून वाट देता येते. छातीत झाले तर प्राणावर बेतते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात, शस्त्रक्रिया झाली. आठ तास लागले. बाहेर येऊन शल्यवैद्यांनी 'मनासारखे झाले' असे सांगताच आमच्या आत्याबाईंनी साताऱ्यास देवापुढे साखर ठेवली आणि आम्ही नातलगांस दूरध्वनी करीत सुटलो. आमच्या हिशेबी दुखणे त्या दिवशी संपले होते.

तिसऱ्या दिवशी दादांस अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणले. तोंडाने काही द्यावयाचे नाही. पोटावरून लहान आतड्यात घातलेल्या बारीक नळीवाटे आहार चालू होता. तहान लागली तर ओल्या कापसाने ओठ पुसावे, एवढीच मुभा. त्या रात्री वहिनी सोबतीस होत्या. घसा कोरडा पडला होता, आवाज फुटत नव्हता. दादा बोटांनी खूण करून पाणी मागत होते. त्यांनी उभ्या आयुष्यात बायकोजवळ काही मागितल्याचे आम्ही पाहिले नव्हते. ताटात पडेल ते खाणारे ते गृहस्थ. पहाटे तीनच्या सुमारास वहिनींनी घरून आणलेल्या फुलपात्रातून दोन चमचे पाणी त्यांच्या तोंडात घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला. श्वास जलद झाला, आणि क्ष-किरण चित्रात डाव्या फुप्फुसाच्या तळाशी छाया दिसली. डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच वहिनींनी पाण्याची गोष्ट आपण होऊन सांगितली. सांगितली नसती तर कोणास कळलीही नसती, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. सातव्या दिवशी मानेची जखम लाल झाली, फुगली, आणि टाका सोडताच लाळ बाहेर आली. सांधा उसवला होता.

त्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही वहिनींस म्हणालो, "वहिनी, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. दोन चमचे पाण्याची मागणी तुम्हांला परतविता आली नाही?" त्या काही बोलल्या नाहीत. हातातील फुलपात्र त्यांनी पिशवीत ठेवले, आणि ते पुन्हा रुग्णालयात दिसले नाही. आत्याबाईंनी तर घरी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगितले, "नवसाने मिळविले ते हिने पाण्याने घालविले." आमच्यापैकी कोणीही त्यांस आवरले नाही. संकटात कारण सापडले म्हणजे मनुष्यास एक प्रकारचा दिलासा मिळतो, आणि कारणास चेहरा असला तर अधिकच मिळतो. आम्ही त्या दिलाशासाठी एका थकलेल्या बाईचा चेहरा वापरला.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. मानेची जखम उघडी ठेवून रोज धुतली जाई. प्रतिजैविके शिरेवाटे चालू होती. दर तासाने उठवून बसवावयाचे, छातीशी उशी धरून खोकावयास लावावयाचे, तीन चेंडूंचे ते यंत्र श्वासाने ओढावयास लावावयाचे. हे सर्व दिवसा आळीपाळीने आम्ही करीत असू. रात्रीचे काम वहिनींनी कोणास दिले नाही. सव्विसाव्या दिवशी सांधा बंद झाल्याची खात्री पटली आणि दादा घरी आले. मुंज झालेल्या बटूसारखे ते वाटीतून चमच्याचमच्याने जेवू लागले.

काढलेल्या भागाच्या तपासणीत रोगाचा थोडा अंश शिल्लक होता आणि एका लसीकाग्रंथीत त्याचा माग होता. म्हणजे उलटण्याचे भय उरलेच. हा रोग उलटावयाचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणीस जावयाचे. ज्या घरात असा मनुष्य आहे तेथे कॅलेंडराचा अर्थ बदलतो. सणवार गौण होतात, आणि तपासणीची तारीख जवळ आली की खोकल्याचा आवाज निराळा ऐकू येऊ लागतो.

आषाढी एकादशीस दादांच्या घशाशी साबुदाण्याची खिचडी अडकली. दुसऱ्या दिवशी भातही अडकला. घरात कोणी काही बोलले नाही. आत्याबाई जप करीत बसल्या. पुण्यास दुर्बीण घातली तेव्हा रोगाचा मागमूस नव्हता. गळती झालेला सांधा बरा होताना आकसतो आणि वाट अरुंद होते. असे पुष्कळांस होते, म्हणून सांगण्यात आले. फुगा फुगवून ती वाट रुंद केली. पुन्हा दोनदा करावी लागली, आणि मग दादा पोळी खाऊ लागले. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, पूर्वीचे लक्षण पुन्हा दिसले म्हणजे रोग परतला असेच होत नाही. तसेच ते अंगावरही काढू नये. नक्की काय आहे ते तपासणीनेच कळते.

यानंतरची गोष्ट २०२४ सालच्या वसंत ऋतूतली. आमच्या पुतण्याने कोठून तरी एक लेख छापून आणला. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांस गंभीर जंतुसंसर्ग होतो त्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसते, असा त्याचा आशय होता. आम्ही तो वाचला, आमच्या सौभाग्यवतींनी वाचला, आणि वहिनींच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो पंचांगात घालून कपाटात ठेवला. आमच्या चातुर्याची कमाल पाहा! संकष्टीचा चंद्रोदय पाहण्यासाठी घरात पंचांग उघडते कोण, तर वहिनीच. त्यांनी लेख वाचला, होता तसा ठेवला, आणि चार महिने कोणास कळू दिले नाही.

ऑगस्टमध्ये दीड वर्षाच्या तपासणीस आम्ही तिघे गेलो. अहवाल चांगला होता. दादा कपडे करीत होते तेवढ्यात वहिनींनी पर्समधून त्या लेखाची घडी काढली, शल्यवैद्यांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या ह्यांना पुन्हा काही झाले, तर ते माझ्या त्या पाण्यामुळे का, एवढे मला खरे सांगा."

शल्यवैद्य पुष्कळ वेळ बोलले. त्यांचे बोलणे आमच्या शब्दांत देतो. ते प्रथम म्हणाले, "बाई, ते पाणी तुम्ही द्यावयास नको होते. घशाचे काम तेव्हा बिघडलेले असते आणि गिळलेले श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून तो नियम आहे." वहिनींनी मान हलविली. मग ते म्हणाले, "पण मनुष्य दिवसाकाठी सुमारे लिटरभर लाळ गिळतो, झोपेतही गिळतो. ती लाळ त्या सांध्यावरूनच उतरत होती, आणि तोंडातले सारे जंतू घेऊन उतरत होती. त्यात तुमचे दोन चमचे किती? सांधा उसवला तो निराळ्या कारणाने. जठराच्या नळीचे जे टोक वर मानेत येते, ते तिच्या रक्तवाहिनीपासून सर्वांत लांबचे. तुमच्याकडे पाटाचे पाणी शेपटाच्या रानास पोचता पोचता कमी पडते, तसे तेथे रक्त कमी पडते. आणि फुप्फुसाचे म्हणाल, तर त्यांचा श्वास आदल्या दिवसापासून उथळ होता, कफ सुटत नव्हता. पाण्याने त्यात भर पडलीच नाही असे मी शपथेवर सांगणार नाही. पण पाण्यानेच ते झाले असे कोणीही सांगू शकणार नाही."

लेखाविषयी ते म्हणाले की, त्यात आहे ते खोटे नाही. जपानातील आणि युरोपातील कित्येक रुग्णालयांच्या नोंदींत, ज्यांस फुप्फुसदाह अथवा गळती झाली त्यांचे पुढील आयुर्मान सरासरीने कमी भरले. काही ठिकाणी मात्र असा संबंध आढळला नाही. संबंध असल्यास कसा असावा, याची तीन-चार कारणे सुचविली जातात. मोठ्या संसर्गात शरीर दाह उत्पन्न करणारी द्रव्ये रक्तात सोडते, आणि रोगाच्या एखाददुसऱ्या चुकार पेशीस ती पोषक ठरत असावीत. त्याच वेळी, अशा पेशी टिपून मारणारी आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी झुंजण्यात गुंतते. शक्ती खचल्यामुळे पुढचा उपचार द्यावयाचा असल्यास तो लांबतो. याखेरीज एक गोष्ट नोंदी वाचताना विसरू नये: संसर्ग बहुधा त्यांसच होतो जे आधीच अशक्त, वयस्क, तंबाखू ओढलेले, अथवा ज्यांचा रोग पुढे गेलेला, आणि त्यांचे आयुष्य संसर्गावाचूनही कमीच भरले असते. तेव्हा संसर्गाचा वाटा किती आणि मूळ अवस्थेचा किती, हे वेगळे काढणे कठीण. रोग उलटण्याच्या शक्यतेत सर्वांत वजन कशाला, तर शस्त्रक्रियेच्या वेळी तो किती खोल गेला होता आणि किती लसीकाग्रंथींत शिरला होता, यास. त्यापुढे बाकीच्या गोष्टी लहान आहेत.

घरी आल्यावर आम्ही कुतूहलाने या विषयात अधिक शोधाशोध केली, तेव्हा मौजेची एक गोष्ट आढळली. एके काळी विद्वानांची समजूत याच्या अगदी उलट होती! १८९१ साली न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यवैद्याने, धावरे झालेल्या एका रोग्याची गाठ विरघळल्याचे ध्यानी घेऊन, कर्करोग्यांस धावऱ्याचे जंतू मुद्दाम टोचण्यास आरंभ केला, आणि काहींच्या गाठी खरोखर ओसरल्या. १९७२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी असे प्रसिद्ध केले की, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या छातीत पू झाला ते अधिक जगले. पुढच्या अनुभवाने या दुसऱ्या मतास दुजोरा दिला नाही. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी हा प्रसंग घडता, तर आत्याबाईंस वहिनींचे आभार मानावे लागले असते! पाण्याच्या नियमाचेही तसेच. अलीकडे नेदरलँड्समध्ये काही निवडक रोग्यांस शस्त्रक्रियेनंतर लगेच तोंडाने आहार देऊन पाहिला, तेव्हा गळतीचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. तो देखरेखीखाली केलेला प्रयोग होता. त्यावरून घरच्यांनी स्वतःस मोकळीक घेऊ नये. पण जे शास्त्र शंभर वर्षांत स्वतःचे मत इतक्या वेळा तपासून पाहते, त्यातला एक कागद फडकावून घरातल्या बाईस आरोपी ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

त्या दिवशी परतताना खंबाटकीचा घाट चढत असता दादांनीच विषय काढला. खोलीतले बोलणे त्यांनी पडद्याआडून ऐकले होते. ते म्हणाले, "छत्तीस वर्षे मी मुलांना सरासरी शिकविली. वर्गाची सरासरी पंचेचाळीस आली म्हणून प्रत्येक मुलास पंचेचाळीस गुण मिळतात काय? आणि पेपराच्या सकाळी एकाच्या आईने हातावर दही घातले नाही, म्हणून वर्गाची सरासरी घसरली असे कोणी म्हणते काय?" मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "त्या पाण्याची चव मला अजून आहे."

आम्ही त्या रात्री वहिनींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही निदान तोंडावर बोललात. बाकीची सगळी नुसती पाहत होती, त्याचा जाच जास्त झाला." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

ज्या घरांवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी, अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगून हा लेख आवरतो. शस्त्रक्रिया ठरताच विडी-तंबाखू त्याच दिवशी बंद व्हावी. काही आठवड्यांचा अवधी मिळाला तरी फुप्फुसे सावरतात. दात दाखवून घ्यावे, किडके दात आणि साचलेले कीटण काढवून घ्यावे आणि दिवसातून अनेकदा मुखशुद्धी करावी. तोंडातले जंतूच पुढे छातीत उतरतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तोंडाची निगा राखल्याने फुप्फुसदाह कमी होतो असे जपानी डॉक्टरांस आढळले आहे. श्वासाचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर प्रथम हाती देण्याऐवजी आधीच पंधरा दिवस त्याचा सराव करवावा. वजन उतरले असेल तर आहार कोणत्या वाटेने द्यावा हे डॉक्टरांस विचारावे. रोडावलेल्या शरीराची जखम लवकर भरत नाही.

शस्त्रक्रियेनंतर सर्वांत अवघड पथ्य आपल्यासारख्या मोठ्या गोतावळ्याचे आहे. भेटीस येणाऱ्यांची रीघ थांबविण्यास कोणी तरी वाईटपणा घ्यावा. आमच्या घरी तो आमच्या धाकट्या सुनेने घेतला आणि पाच-सहा घरे दुखविली, त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. रोग्यास हात धुतल्यावाचून कोणी शिवू नये, सर्दी झालेल्याने दारातूनच परत जावे, आणि डोके नेहमी उंचावर असावे. रात्रीची जागरणे एकाच माणसावर टाकू नयेत. पहाटे तीन वाजता, तिसऱ्या जागरणानंतर, आपल्या माणसाने खुणेने पाणी मागितले असता नियम पाळण्याचे बळ किती जणांत उरते, हे व्हरांड्यात उभे राहून ठरविणे सोपे आहे. आणि नियम सांगणाऱ्यांनी त्याचे कारणही सांगावे. 'तोंडाने काही देऊ नका' एवढेच वहिनींस सांगितले गेले होते; 'श्वासनलिकेत जाईल' असे कोणी म्हटले असते, तर त्या डगमगल्या नसत्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रक्रियेस दोन वर्षे पुरी झाली. अहवाल निर्मळ आला, आणि यापुढे तीनऐवजी सहा महिन्यांनी या, असे सांगण्यात आले. भय गेले असे आम्ही म्हणत नाही. ते घरातल्या वृद्ध पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसून असते, आणि त्याची सवय होते. दादा आता दिवसातून सहा वेळा थोडेथोडे जेवतात, तीन उशांवर टेकून झोपतात, आणि चहा बशीत ओतून, निववून पितात. रात्री त्यांच्या उशाशी पाणी भरलेले फुलपात्र असते. तेच ते फुलपात्र; वहिनींनी ते पुन्हा बाहेर काढले आहे.